नॅप्टनची चढण

इंग्लंडच्या मध्यभागी, वॉरिकशर परगण्यात, नॅप्टन नावाचे एक खेडे टेकडीच्या उतारावर वसलेले आहे. टेकडीवरचे जुने चर्च आणि पवनचक्की भोवतालच्या सखल मुलखातून दुरून दिसत राहतात. या टेकडीला पायथ्याशी वळसा घालून ऑक्सफर्ड कालवा दक्षिणेकडे वळतो आणि वळताच त्याच्यासमोर जमीन चढू लागते. पाण्याला चढण चढता येत नाही, म्हणून अठराव्या शतकातील स्थापत्यकारांनी या ठिकाणी नऊ लॉक बांधून, म्हणजे पाण्याच्याच नऊ पायऱ्या रचून, नावेला टेकडीच्या खांद्यापर्यंत नेण्याची तजवीज केली. या पायऱ्या चढून, माथ्यावरचा नागमोडी पट्टा कापीत, संध्याकाळपर्यंत फेनी कॉम्प्टनच्या धक्क्याशी पोचणे ही त्या कालव्यावरील नाविकांच्या हिशेबाने एका दिवसाची मजल होय. दोघे-तिघे असले तर ती आरामाची मजल ठरते; एकट्याने केली तर तिचे स्वरूपच पालटते, आणि कालव्याच्या रचनेतील व लोकव्यवहारातील ज्या पुष्कळ गोष्टी सोबतीच्या गप्पांत नजरेआड होतात त्या एकामागून एक समोर येऊ लागतात.

प्रथम या कालव्याची जात समजून घेतली पाहिजे. मुठा किंवा नीरा या आपल्याकडच्या कालव्यांतून धरणाचे पाणी शेतीकडे वाहत जाते; पाणी पोचवणे हेच त्यांचे प्रयोजन, आणि म्हणून त्यांना सतत उतार असतो. इंग्लंडमधील हे कालवे माल वाहण्यासाठी खोदलेले आहेत. त्यांतील पाणी जवळजवळ स्थिर असते. एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंतचा प्रत्येक पट्टा समपातळीत राखलेला असतो, आणि पातळी बदलावयाची ती फक्त लॉकमध्ये. खाचखळग्यांनी भरलेल्या ज्या रस्त्यावर घोड्याला गाडीतला टनभर माल ओढणे जड जाई, त्याच्या शेजारच्या या स्थिर पाण्यावर तोच घोडा पंचवीस-तीस टन कोळसा सहज ओढून नेऊ शके. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा पुष्कळसा भार या एका साध्या सत्यावर उभा होता.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जो कालवा खोदवला तो १७६१ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाची किंमत निम्म्यावर आली. त्या कामात ज्याची बुद्धी लागली होती तो जेम्स ब्रिंडली मूळचा गिरण्यांची यंत्रे बांधणारा कारागीर. औपचारिक शिक्षण त्याला जवळजवळ लाभलेले नव्हते. पुढे मध्य इंग्लंडमधील कालव्यांचे जाळे आखताना त्याने लॉकची रुंदी सुमारे ७ फूट आणि लांबी सुमारे ७२ फूट ठरवली. रुंदी कमी ठेवली की बोगदे, पूल आणि खोदाई यांचा खर्च वाचे, पाणी कमी लागे. या निर्णयातूनच ती विलक्षण सडपातळ नाव जन्माला आली जिला नॅरोबोट म्हणतात. रुंदी सात फुटांहून किंचित कमी, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. जगात अन्यत्र अशा प्रमाणाची नाव कोणी बांधली नसती. येथे तिला आकार दिला तो लॉकच्या भिंतींनी.

ऑक्सफर्ड कालव्यास पार्लमेंटची मंजुरी १७६९ मध्ये मिळाली. कॉव्हेंट्रीकडील खाणींचा कोळसा थेम्स नदीपर्यंत आणावयाचा हा उद्देश. ब्रिंडली १७७२ मध्ये निवर्तला, काम त्याचा मेहुणा सॅम्युअल सिमकॉक याने पुढे नेले, मध्यंतरी पैसा संपला, आणि अखेरीस १७९० च्या नववर्षदिनी कोळशाने लादलेल्या पहिल्या नावा ऑक्सफर्डला पोचल्या. पंधराच वर्षांनी ग्रँड जंक्शन कालव्याने लंडनचा अधिक जवळचा मार्ग खुला केला. तरीही ऑक्सफर्ड कंपनीचे फारसे बिघडले नाही, कारण नव्या मार्गावरील पुष्कळ नावांना ब्रॉन्स्टन ते नॅप्टन हा तिच्या मालकीचा लहानसा तुकडा वापरल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तेवढ्या तुकड्यावर ती जबर जकात वसूल करीत असे.

अशा नावेवर पूर्वी माणसे किती असत? रेल्वेची स्पर्धा सुरू होऊन मालाचे दर कोसळले, तेव्हा नावाड्यांना किनाऱ्यावर वेगळे घर परवडेनासे झाले आणि कुटुंबेच्या कुटुंबे नावेवर राहावयास आली. नावेच्या मागील टोकाला दहाएक फूट लांबीची एक खोली; तीत शेगडी, मोडून कपाटात रूपांतर होणारा पलंग, भिंतीवर नक्षीच्या बश्या, पितळी कड्या आणि दारावर गुलाब व किल्ले यांची चित्रे. बाप सुकाणूवर, आई घोड्यामागे किंवा जोडनावेवर, थोरला मुलगा पुढे धावत जाऊन लॉक सिद्ध करणारा. पुढे सायकली आल्यावर त्या मुलाला सायकल मिळाली. ही सारी व्यवस्था अनेक हातांसाठी आखलेली होती, हे ध्यानी ठेवले म्हणजे आज तीच नाव तोच कालवा एकटा मनुष्य कसा चढतो याचे मोल कळते.

आजची नाव पोलादी. सत्तावन्न फुटांची एखादी नाव घेतली तर तिचे वजन पंधरा-सोळा टनांच्या घरात जाते. डिझेलचे लहान एंजिन, तळ सपाट, पाण्याखाली दोनएक फूट. तिला ब्रेक नाही. थांबवावयाची तर एंजिन उलटे फिरवून, आणि तेही बरेच आधीपासून. एकट्या नाविकाचे खरे साधन एंजिन नव्हे, नावेच्या छताच्या मध्यभागी बांधलेला एक लांब दोर हे होय. तो दोर सुकाणूपर्यंत छतावर मोकळा ठेवलेला असतो. धक्का जवळ आला की नाव जवळजवळ थांबलेल्या गतीला आणावयाची, दोर हातात घेऊन काठावर पाऊल टाकावयाचे आणि खुंटाला एक वेढा द्यावयाचा. मधून धरलेली नाव दोन्ही टोकांनी आपोआप काठाला समांतर येते. पुढचा किंवा मागचा दोर धरला असता दुसरे टोक पाण्यात भरकटते. काठावर उडी मारावयाची नाही, पाऊल टाकावयाचे, हा एकट्या नाविकाचा पहिला नियम. घसरला तर हाक मारण्यास नावेवर कोणी नाही.

नॅप्टनच्या तळच्या लॉकशी सकाळी पोचावे. तेथे काठाला नाव बांधून, खिशात किंवा पट्ट्यात विंडलास खोचून नाविक वर चालत जातो. विंडलास म्हणजे काटकोनात वाकवलेले लोखंडी हँडल. त्याच्या टोकाच्या चौकोनी खाचेने झडपांची दाते असलेली चाके फिरवावयाची. लॉक म्हणजे विटांनी बांधलेली अरुंद, खोल कोठी. वरच्या अंगाला एक दरवाजा, खालच्या अंगाला दोन, जे मिटले की प्रवाहाच्या उलट दिशेला टोक करून एकमेकांना टेकतात, म्हणजे पाण्याचा भारच त्यांना घट्ट मिटून धरतो. दरवाजा उघडावयाचा तो त्यावर बसवलेल्या लांब तुळईला पाठ लावून, टाचा विटांच्या खाचांत रोवून, सावकाश रेटून. कोठीतील आणि बाहेरील पाणी एका पातळीत येईपर्यंत तो तसूभरही हलत नाही, मग त्याला दहा माणसे लागोत. पातळी जुळताच तो एका माणसाच्या भाराने निघतो. बळ वाया घालवू नये, पाण्याची वाट पाहावी, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

समजा लॉक भरलेले आहे. वरून कोणी येत आहे काय हे आधी पाहावे लागते. येत असेल तर त्याला प्रथम उतरू द्यावयाचे, कारण ते भरलेले पाणी त्याच्या उपयोगाचे आहे आणि आपण ते रिकामे केले तर निष्कारण वाया जाईल. कोणी नसेल तर खालच्या झडपा उचलून लॉक रिकामे करावयाचे, एक दरवाजा उघडावयाचा, वरच्या दरवाजावरील फळीवरून पलीकडच्या काठाला जाऊन दुसरा उघडावयाचा, त्याच वाटेने परत यावयाचे, खाली जाऊन नाव सोडावयाची आणि दोन्ही बाजूंना वीतभरही मोकळीक नसलेल्या त्या कोठीत ती हळूच सरकवावयाची. मग मधला दोर घेऊन भिंतीतल्या ओल्या, शेवाळलेल्या शिडीने वर. पुन्हा दोन्ही दरवाजे मिटावयाचे, म्हणजे पुन्हा सारा फेरा. त्यानंतर वरच्या झडपा. त्या मात्र एकदम पूर्ण उचलावयाच्या नाहीत. पाणी कोठीत शिरताच सोळा टनांची नाव मागेपुढे खेचली जाते, आणि तिला आवरणारा हात आता काठावर आहे. कोणी एंजिन अगदी मंद गतीने पुढच्या दिशेला चालू ठेवून नाव समोरच्या भिंतीशी टेकवून धरतात, कोणी मधल्या दोराचा वेढा खुंटाला देऊन तो हलके हलके ओढून घेतात. दोन्ही पद्धतींत नजर नावेवरून ढळता कामा नये. नाव चढते, पाणी शांत होते, वरचा दरवाजा उघडतो, नाव बाहेर काढून पुन्हा थांबवावयाची, मागे येऊन दरवाजा मिटावयाचा, झडपा उतरवावयाच्या, आणि मग पुढचे लॉक.

हे वर्णन मी मुद्दाम लांबवले. सोबत असली की या क्रिया वाटल्या जातात आणि वाटलेल्या कामाचा क्रम कोणालाच संपूर्ण दिसत नाही. एकट्याच्या वाट्याला तो अखंड येतो. लॉकभोवती घातलेल्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्याला कळत जाते की अडीचशे वर्षांपूर्वी ही तुळई एवढीच लांब का ठेवली, विटांच्या त्या उंचवटलेल्या रांगा नेमक्या त्याच ठिकाणी का बसवल्या, खुंट दरवाजापासून तेवढ्याच अंतरावर का रोवला. नाविकांचा जुना हिशेब असा की एक लॉक म्हणजे वेळेच्या दृष्टीने एक मैल धरावा आणि तासाला असे तीन मैल पडतील असे मानावे. एकट्याने हा हिशेब मनातून काढून टाकलेला बरा.

यात धोके आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. झडप उचलल्यावर ती अडकवून धरणारी लोखंडी खिटी नीट बसली नाही आणि विंडलास तसाच अडकवून ठेवला, तर झडप कोसळताना तो भिरभिरत माणसाचे हाड मोडू शकतो. उतरताना वेगळे संकट असते. वरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. नावेचे मागचे टोक त्यावर राहिले आणि पाणी उतरत गेले, तर पुढचा भाग खाली, मागचा वर अशी नाव लटकते आणि काही क्षणांत पाण्याने भरून बुडते. म्हणून त्या उंबरठ्याची हद्द काठावर पांढऱ्या रंगाने आखलेली असते. असे काही घडू लागले तर उपाय एकच, झडपा ताबडतोब पाडणे. आणि एकटा मनुष्य त्या क्षणी झडपेजवळच उभा असावयास हवा, नावेवर नव्हे, फोनवर नव्हे. अनुभवी एकटे नाविक तरणजाकीट घालतात, घाई करीत नाहीत, आणि कोणी मदतीला आले तर नम्रपणे का होईना पण आपला क्रम त्याला आधी स्पष्ट सांगतात.

मदतीला माणसे येतातही. उन्हाळ्यात नॅप्टनच्या लॉकांवर स्वयंसेवक असतात. निवृत्त शिक्षक, कारकून, एंजिनियर अशी ही मंडळी आपला दिवस दरवाजे रेटण्यात घालवतात. फिरावयास आलेली कुटुंबे तुळईला पाठ लावतात, मुलांना तर ते काम हवेच असते. परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती न दिसणारी मदत. आधी गेलेल्या नावेने दरवाजे मिटले, झडपा पूर्ण उतरवल्या, तर मागून येणाऱ्याला पाणी जागच्या जागी सापडते. एखादी झडप अर्धवट राहिली तर रात्रीत मधला पट्टा कोरडा पडून सकाळी येणाऱ्याची नाव चिखलात बसते. ज्याचे तोंड आपण पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही अशा माणसासाठी शेवटचा फेरा घालून दरवाजा मिटावयाचा, ही या कालव्याची वहिवाट आहे. तिला पहारा नाही. एकट्याचा प्रवास संपूर्णपणे तिच्यावर अवलंबून आहे.

पाण्याचा हिशेबही असाच सामाईक आहे. सुमारे सहा फूट चढणीचे येथील एक लॉक एकदा भरावयास ९० हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. नाव नऊ लॉक चढो की एक, माथ्यावरच्या पट्ट्यातून एक लॉकभर पाणी खाली जाते. माथ्याच्या पलीकडच्या टोकाला, क्लेडनला, उतरताना आणखी एक. म्हणजे माथा ओलांडणारी प्रत्येक नाव त्याला दोन लॉकभर पाण्याने उणे करते, आणि ही तूट भरून काढण्यासाठी बॉडिंग्टन, वर्मलीटन यांसारखे तलाव बांधून ठेवलेले आहेत. उन्हाळा कोरडा गेला की तलाव उतरतात, लॉकच्या वेळांवर निर्बंध येतात, प्रसंगी मार्ग बंद होतो. चढताना उजव्या-डाव्या हाताच्या कुरणांकडे लक्ष गेले तर मध्ययुगीन नांगरटीचे उंचसखल पट्टे अद्याप गवताखाली स्पष्ट दिसतात. याच कुरणांत अनेक वर्षे म्हशींचा एक कळप पाळलेला होता. इंग्लंडमधील कालव्याच्या काठी, ढगाळ आभाळाखाली म्हशी रवंथ करीत बसलेल्या पाहून पुष्कळ प्रवासी थबकत असत.

मार्स्टन डोल्स या ठिकाणी शेवटची दोन लॉक ओलांडली की माथा लागतो. येथून क्लेडनपर्यंत ११ मैल एकही लॉक नाही; आणि सरळ रेषेत मोजले तर हे अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. ब्रिंडलीची पद्धत अशी की टेकडी आडवी आली तर तिला कापू नये, दरी आली तर तिच्यावर भराव घालू नये. समपातळीची रेषा धरून जमीन जिकडे नेईल तिकडे जावे. खोदाई कमी, खर्च कमी, आणि वाटेतल्या अधिक गावांना धक्का मिळे. लांबी वाढली तरी त्या काळी घाई कोणाला होती? घाई पुढे आली. रेल्वेच्या आगमनाची चाहूल लागताच कंपनीने या कालव्याचा उत्तरेकडील भाग सरळ करून घेतला आणि १८३४ पर्यंत सुमारे १४ मैल वाचवले. दक्षिणेकडचा हा भाग तसाच राहिला, कारण येथील वाहतूक तेवढ्या खर्चास पुरेशी नव्हती. कंपनीच्या त्या काटकसरीमुळे ब्रिंडलीची रेषा आज आपल्याला जशीच्या तशी पाहावयास मिळते.

वर्मलीटन गावाला तर कालवा तीन बाजूंनी वेढा घालतो. एखादे शेतघर उजवीकडे दिसते, मग समोर, मग डावीकडे, आणि अर्ध्या तासाने पाहावे तर ते पुन्हा तेवढ्याच अंतरावर असते. सहप्रवासी असता तर त्याने कंटाळा दर्शवला असता. एकट्याला कंटाळावयास सवड नसते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, आणि वळते तीही आपल्या मध्यबिंदूभोवती, म्हणून पुढचे टोक वळणाच्या आत शिरताना मागचे टोक बाहेरच्या काठाकडे फेकले जाते. वाऱ्याची झुळूक आली की सपाट तळाची नाव तिरकी सरकते. दांडा सोडून खोलीत चहा आणावयास गेले तर परत येईपर्यंत नाव झुडपांत शिरलेली असते. म्हणून थर्मास, पाव, पाण्याची बाटली, टोपी, रेनकोट सारे सकाळीच हाताशी ठेवावे लागते, आणि इतर नैसर्गिक गरजांसाठी नाव रीतसर बांधावीच लागते. प्रॉपेलरला कापड किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळली गेली तर एंजिन बंद करून, मागच्या बाजूचे झाकण उघडून, थंडगार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ती सोडवावयाची.

वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी ४ मैल आहे, परंतु प्रत्यक्षात उथळ पाण्यावर तीन मैल झाले तरी पुष्कळ. एंजिन अधिक फिरवल्याने गती वाढत नाही. नावेचे मागचे टोक खाली बसते, लाटा उठून काठ ढासळू लागतात, आणि काठाला बांधलेल्या नावांचे दोर ताणले जाऊन त्यांच्या घरातल्या कपबश्या हिंदकळतात. यासाठी बांधलेल्या प्रत्येक नावेपाशी गती अगदी मंद करावयाची असा शिरस्ता आहे. पुलाखाली एकच नाव मावते आणि पूल बहुधा वळणावरच असतो. भोंगा द्यावयाचा, कान द्यावयाचे, समोरून उत्तर आले तर थांबावयाचे. समोरासमोर येणाऱ्या नावांनी आपापल्या उजव्या हाताने जावयाचे. ओलांडताना दोन वाक्यांचे संभाषण होते: वर किती नावा आहेत, अमुक लॉक भरलेले सापडेल की रिकामे. एकट्याला दिवसभरात लाभणाऱ्या या तुटक वाक्यांत त्याच्या पुढच्या दोन तासांची सारी माहिती असते.

जुन्या पुलांच्या कमानींच्या कोपऱ्यांना बोट लावून पाहावे. कित्येक ठिकाणी विटांत किंवा त्यांच्या रक्षणासाठी बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांत खोल खाचा पडलेल्या आहेत. घोड्याने ओढलेल्या, वाळू चिकटलेल्या ओल्या दोरांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या घासून पाडल्या. या कालव्यावर स्वतःच्या मालकीची नाव चालवणारे नावाडी शेवटपर्यंत टिकून होते. त्यांतला अखेरचा म्हणजे जो स्किनर नावाचा नावाडी. तो एंजिन न घेता आपली ‘फ्रेंडशिप’ नावाची लाकडी नाव खेचराकडून ओढवून घेई, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो व त्याची पत्नी रोझ निवृत्त झाली. ती नाव एल्झमिअर पोर्टच्या जलमार्ग संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

त्यांच्या निवृत्तीबरोबर हा कालवाही बुजून जावयाचा. युद्धोत्तर सरकारने १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण केले, परंतु माल लॉरींवर गेला होता आणि १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून उरलीसुरली वाहतूकही संपली. तरीही तो बुजला नाही, याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत एल. टी. सी. रोल्ट याचे नाव प्रथम घ्यावयास हवे. हा एंजिनियर १९३९ च्या उन्हाळ्यात पत्नी अँजेलासह बॅनबरीच्या टूली यांच्या नौका-कारखान्यातून ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या लाकडी नावेवर निघाला. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते वाचून रॉबर्ट आयकमन याने त्याच्याशी संधान बांधले, आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. पुढे दोघांचे पटले नाही. संस्थेने मात्र बंद पडलेल्या लॉकांवर नावा नेऊन, सभा भरवून, अर्ज-विनंत्या आणि प्रसंगी संघर्ष करून सरकारला जागे ठेवले. १९६८ च्या कायद्याने ऑक्सफर्डचा हा दक्षिण भाग विहारासाठी राखावयाच्या कालव्यांत धरला. सन २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैल जलमार्गांचा कारभार कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय न्यासाकडे आहे. त्यांवर आज तीस हजारांहून अधिक नावा आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत माणसे बारमाही राहतात; कायम धक्का नसलेल्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी साधारणतः १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. घरभाडी वाढत गेली तसा या नियमावरचा वादही वाढत गेला आहे, आणि तो केवळ शिस्तीचा नसून निवाऱ्याचा प्रश्न आहे असे माझे मत आहे.

फेनी कॉम्प्टनच्या धक्क्याजवळ दिवस संपतो. काठ पक्का असेल तेथे लोखंडी आकडे, नसेल तेथे हातोड्याने दोन मेखा जमिनीत ठोकून पुढचा-मागचा दोर बांधावयाचा. मेख पाऊलवाटेच्या कडेला, दोर वाटेवर आडवा येणार नाही असा, आणि अंधारात कोणी अडखळू नये म्हणून मेखेच्या डोक्याला पांढरी पिशवी किंवा चेंडू. प्रॉपेलरच्या दांड्यापाशी ग्रीसचे बूच दोन फेरे आवळावयाचे, म्हणजे रात्रभर पाणी झिरपत नाही. बांधलेल्या नावेचे एंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवावयाचे नाही, तेव्हा बॅटरी भरून घ्यावयाची ती त्यापूर्वीच. खोलीतल्या लोखंडी शेगडीत घालावयाचा कोळसा संपत आला असला तर काळजी नाही. कोळसा, डिझेल आणि गॅस विकीत फिरणाऱ्या मालवाहू नावा आजही या कालव्यांवर आहेत, आणि गिऱ्हाईक असेल तेथे त्या नावेला नाव लावून माल उतरवून देतात.

दुसऱ्या दिवशी प्रथम लागतो तो ‘टनेल’. प्रत्यक्षात तो बोगदा राहिलेला नाही. एके काळी येथे हजार यार्डांहून लांब बोगदा होता, १८७० पर्यंत त्याचे छत टप्प्याटप्प्याने काढून उघडी खिंड करण्यात आली, नाव मात्र तेच चालत आले. खिंड अरुंद आहे, दोन नावा जेमतेम ओलांडतात, म्हणून एकट्याने लवकर निघालेले चांगले. त्यानंतर क्लेडनची पाच लॉक, आणि ती उताराची. नाव पुढे ठेवावयाची, उंबरठ्याच्या पांढऱ्या रेघेवर नजर, मधला दोर सैल आणि हातात, कारण आवळून बांधलेला दोर पाणी उतरताना नावेला टांगून धरतो. क्रॉप्रेडीला पाण्याचा नळ आहे. टाकी तेथे भरून घ्यावी.